शत्रूच्या यानावरचं नाव

पाऊस आटपला की आमच्या चिंचणीत एक आगाऊ ऊन पडतं. वैशाखातल्या उन्हाला निदान थोडी लाज असते, दुपार टळली की ते उतरतं तरी. हे आश्विनातलं सकाळी अंगणात पाऊल टाकलं की पाठीवर येऊन बसतं आणि सूर्य बुडाला तरी उठायचं नाव घेत नाही. किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील लोंबायला लागतात, त्यांचा वास विचारल्याशिवाय स्वयंपाकघरात शिरतो, आणि आत बेटेगावच्या अंगाला भात पिवळं होऊन वाकतं. लोक या दिवसांना ऑक्टोबर हीट म्हणतात आणि कपाळाचा घाम पुसतात. मला मात्र हे ऊन आलं की अंतराळातलं युद्ध आठवतं. हसा हवं तर. माझ्या आयुष्यातलं एकमेव युद्ध या उन्हात झालं, त्याला मी काय करू?

परवा नात ओवी सुट्टीला आली होती. तिच्या बाबानं बसवलेल्या भिंतीएवढ्या टीव्हीवर तिनं एक लढाई लावली. हजारो यानं, लाखो दिवे, एक अख्खा ग्रह फुटला, त्याचे तुकडे आमच्या सोफ्यापर्यंत आले. मी थोडा वेळ बघितलं आणि चक्क पेंगले.

"आजी! जग बुडतंय आणि तू झोपतेस?"

"अगं, ते सगळंच दाखवतायत," मी म्हटलं. "मला करायला काही ठेवलंच नाही. मग झोपेन नाही तर काय!"

तिला ते पटलं नाही. तिनं मला शहाणं करायचं ठरवलं. म्हणाली, हे सगळे आवाज खोटे असतात, अंतराळात हवाच नसते, त्यामुळे कुणी कितीही ओरडलं, काहीही फुटलं, तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. मी इतकी हसले की ओवी घाबरली. तिला कसं सांगू, की या हिशोबानं तुझ्या आजीच्या लग्नानंतरचे पहिले सहा महिने अंतराळातच गेले!

मी बेटेगावची. शेतावरचं घर, माणसांचा राबता, आणि सगळे मोठ्या आवाजाचे. विहिरीवर झालेलं भांडण खळ्यावर ऐकू जायचं आणि खळ्यावरून त्यात भर पडायची. तिथून वैशाखात मी चिंचणीला आले ती डायवाल्यांच्या घरात. आमच्या गावात घरोघर डाय करतात, म्हणजे दागिन्यांचे साचे. धातूच्या ठोकळ्यात छिन्नीनं फूल, वेल, मोर कोरायचा, तो खोलगट आणि उलटा. त्यावर सोन्याचा पातळ पत्रा दाबला की तेच फूल पत्र्यावर सुलटं उठून येतं. लॉकेटवर नाव हवं असेल तर अक्षरंही उलटीच कोरायची. लहानपणापासून हेच केलेल्या माणसाचा हात आरशातल्या हातासारखा चालतो. आमचे हे तसे. दिवसभर ओटीवर खिडकीपाशी मान खाली घालून टकटक, टकटक.

बोलणं म्हणाल तर तोंडात गुळणी धरल्यासारखं. "भाजीत मीठ बरोबर आहे ना?" "हाय." "आणखी भात वाढू?" "नाय." संपला संसार! बाकी त्रास म्हणाल तर काही नाही. मारणं नाही, हिणवणं नाही, ताटात कमी नाही. म्हणूनच तर पंचाईत होती. माहेरी जाऊन सांगणार काय? नवरा बोलत नाही म्हणून? बायका म्हणाल्या असत्या, नशीब काढलंस हो!

त्यात नावाची भानगड. आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. माहेरी मी शेवंती. पण सासरच्या समोरच्याच घरात एक शेवंतीबाई होत्या, आणि कुंपणावरच्या शेवग्याच्या शेंगा कुणाच्या, यावरून सासूबाईंचं नि त्यांचं जुनं वैर होतं. सासूबाईंनी बैठकीतच सांगून टाकलं, "एक शेवंती समोर हाय ती पुरे हाय. घरात आनखी नको." म्हणून मी सुनंदा झाले. नाव वाईट नव्हतं. पण कुणी सुनंदा म्हणून हाक मारली की मी मागे वळून बघायची, कोण आलं म्हणून. आणि हे तर सुनंदाही म्हणत नसत. अगं नाही, ऐक नाही. काही हवं असलं की खाकरायचे. बाई गं, त्या खाकरण्याला ओ द्यायचा कसला वैताग यायचा! हळूहळू मला वाटायला लागलं की शेवंती बेटेगावात राहिली, सुनंदा अजून आलीच नाही, आणि या घरात भाकऱ्या थापणारी ही तिसरी कोण, ते कुणालाच ठाऊक नाही. मी एकटी असले की रडायची. हे लपवून काय करू?

घटस्थापनेला माझा भाऊ, दादा, भेटायला आला तेव्हा मी त्याला विहिरीपाशी नेऊन स्पष्ट सांगितलं. "दिवाळीला मला न्यायला ये. पाडव्याला जावई येतील, त्यांचा मानपान करा, आणि त्यांना एकट्यानं परत जाऊ दे. मी येणार नाही." दादानं रहाटाची दोरी गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "मारतात?" मी म्हटलं, नाही. "मग?" मी म्हटलं, "दादा, मला इथे कुणी हाक मारत नाही रे." तो शेतकरी माणूस, पण त्याला कळलं. "येतो न्यायला," म्हणाला. "लोकांचं मी बघतो."

म्हणजे नवरात्र ते दिवाळी एवढाच माझा त्या घरातला मुक्काम उरला होता. आणि नेमकं तेव्हाच युद्ध पेटलं.

तेव्हा टीव्हीवर रविवारी सकाळी एक हिंदी मालिका लागायची. अंतराळातली. आपले शूर वीर एका यानातून फिरायचे आणि त्यांना दर रविवारी कुणीतरी दुष्ट भेटायचा. ती करणाऱ्यांकडे पैशांची बोंब होती. मुंबईत जागा परवडेना म्हणून त्यांनी बोईसरच्या एका बंद पडलेल्या कारखान्याची शेड मिळवली होती. तिथे जुने पाइप, चाकं, व्हॉल्व्ह आयतेच लटकत होते, ते झालं यानाचं इंजिन. या सगळ्याचे कर्तेधर्ते तिवारीजी. दिग्दर्शक तेच, सुतार तेच, इलेक्ट्रिशियन तेच. युद्धाचा भाग करायचा ठरला आणि त्यांना कुणीतरी सांगितलं, की चिंचणीत बारीक कोरीव काम करणारी माणसं आहेत. एक दिवस मॅटाडोर गाडी दारात उभी राहिली आणि त्यातून तिवारीजी थर्माकोलसकट उतरले.

सासूबाईंना वाटलं मखरवाला आला. गणपती होऊन गेल्यावर हा कसला मखरवाला, म्हणून त्या त्याला परत पाठवत होत्या.

यांनी काम घेतलं. का घेतलं ते सांगितलं नाहीच. ओटीवर थर्माकोलची यानं उभी राहायला लागली. साबणाच्या डब्या, पेनांची टोपणं, स्टोव्हचे बर्नर, काय वाटेल ते त्यांना चिकटत होतं. एका यानाच्या पोटाखाली मी आमचं इडलीपात्र ओळखलं आणि कपाळावर हात मारला. आणि मग यांनी जुने डाय काढले. साधा पातळ पत्रा त्यावर दाबायचा आणि नक्षी उठलेले ते तुकडे यानाच्या अंगावर डकवायचे. बाजूबंदाची वेल, बांगडीची जाळी, झुमक्याची फुलं. मला हसू आवरेना. शत्रूवर चालून जाणारं यान, नटलंय नवरीसारखं! तिवारीजींनी मात्र डोळा बारीक करून लांबून पाहिलं आणि टाळी वाजवली. "भाभीजी, पास से बाजूबंद, दूर से इंजन!"

आकाश माझ्याकडे आलं. काळ्या कापडाचा मोठा पडदा, त्याला सुईनं भोकं पाडायची, मागून दिवा लावला की झाले तारे. दुपारी दारं-खिडक्या लावून मी पडद्याच्या अलीकडे सुई घेऊन आणि पलीकडे हे हातात बल्ब धरून, असे आम्ही बसायचो. बाहेर ते पेटलेलं ऊन, आत आमचं आकाश. मी टोचायची तिथून उजेडाचा ठिपका यायचा. थोड्या वेळानं त्या ठिपक्यांतून मला त्यांची हनुवटी दिसे, मग कान. एकदा सुई थेट त्यांच्या बोटात गेली. मी जीभ चावली. पलीकडून आवाज आला तो हसण्याचा. मी तोपर्यंत त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. मग त्यांनी कापडावर आतून बोट टेकवलं. "हितं रिकामं हाय." मी तिथे टोचलं. बोट सरकलं. "हितंबी." त्या दुपारी मी गरजेपेक्षा कितीतरी जास्त तारे पाडले.

मला त्या दिवसांत स्वतःचाच राग यायचा. जायचं ठरवलंय ना? मग या माणसाच्या हसण्याचं एवढं काय घेऊन बसलीस? निघायच्या वेळेला असला लोभ बरा नव्हे.

चित्रीकरण सुरू झालं तसे हे रोज तिकडे जायला लागले, आणि सासूबाईंनी मला त्यांचा डबा घेऊन एस.टी.नं बोईसरला पाठवायला सुरुवात केली. "दे डबा, आन् ते लोक काय करतात तेबी बगून ये." मला तेच हवं होतं. शेडमध्ये बसून मी जे पाहिलं त्यानं माझे डोळे उघडले. यान हलत नाहीच मुळी! ते आपलं काळ्या पडद्यापुढे तारेवर गप्प लटकलेलं असतं आणि कॅमेरा त्याच्या अंगावर चालून जातो. तीन मोठी यानं पुढे आणि शेंगदाण्याएवढी शंभर मागे, की झाला ताफा. यानाच्या शेपटाला फुलबाजी, की झालं इंजिन सुरू. धुरासाठी ऊद. लवंगी फटाका आणि मूठभर रांगोळी, की झाला स्फोट. तोफ लागली की यानातली माणसं धडपडायची असतात. तिवारीजी ओरडायचे, "दाएँ!" की सगळ्यांनी उजवीकडे कोसळायचं. त्यात एक बोईसरचाच कामगार हौसेनं उभा केलेला असायचा, तो न चुकता डावीकडे कोसळायचा. "अरे भाई, तेरे अकेले का जहाज़ अलग है क्या?"

कप्तानाचा पोशाख चंदेरी रेक्झिनचा. त्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली तो बिचारा उकडून निघायचा. कंबरेपर्यंतच दिसतो म्हणून त्यानं खाली चट्ट्यापट्ट्यांची लुंगी नेसलेली असायची. वर विश्वाचा रक्षक, खाली लुंगी. पण तो समोर बघून असा काही दचकायचा आणि म्हणायचा, "हज़ारों हैं! चारों तरफ़ से!" की मी मान वळवून पाहायची. समोर गंजलेली भिंत आणि तिच्यावर खडूची फुली. त्या फुलीकडे बघून एका मुलीला रडायचं होतं, तिचा भाऊ त्या युद्धात मरतो म्हणून. तिनं फुलीकडे बघितलं आणि तिचे डोळे असे भरून आले की मी डबा खाली ठेवून उठलेच. मी तिवारीजींना विचारलं, मरणारं यान का नाही दाखवत? ते पाणी पिता पिता म्हणाले, "लड़ाई दिखाने का पैसा नहीं है, भाभी. तो देखनेवाले का चेहरा दिखाते हैं. वो मुफ़्त है."

मला एकदम आमचा किनारा आठवला. वारा सुटला आणि होड्या बाहेर असल्या की मांगेल्यांच्या, म्हणजे आमच्याकडच्या मच्छीमारांच्या, बायका पाण्याशी येऊन उभ्या राहतात. समुद्रात काय चाललंय ते काही दिसत नाही. दिसतात ते त्यांचे चेहरे, आणि त्यावरून सगळं कळतं. मी त्या घरात इतके महिने शब्दांची वाट बघत बसले होते. मी डबा घेऊन शेडमध्ये शिरले की कुणीतरी सदऱ्याच्या बाहीनं एक स्टूल पुसून ठेवतं, हे मी रोज पाहत होते, पण त्याला काही अर्थ असेल हे मनात आलं नव्हतं. ते आता येऊ लागलं. आणि तरीही मन मानत नव्हतं. स्टूल काय, पाहुण्यालाही पुसून देतात. मला हाक हवी होती.

एकदा परत निघाले तर बोईसरच्या स्टँडवर बेटेगावची गाडी समोर उभी. आमच्याकडे कापणी सुरू झाली होती. गाडीतून उतरलेल्या बायकांच्या पदराला भाताचा वास होता, ओल्या पेंढ्याचा. पाय उचलला की अर्ध्या तासात आईपुढे. कशाला दिवाळीची वाट बघायची? मी पायरीवर पाऊलसुद्धा ठेवलं. पण काखेत पडद्याचं बोचकं होतं आणि एका कोपऱ्यातले तारे पाडायचे राहिले होते. दुसऱ्या दिवशी युद्ध. अर्धं आकाश घेऊन माहेरी कसं जायचं? उतरले. कंडक्टर जे बोलायचं ते बोलला.

दुसऱ्या दिवशी तिवारीजी आपल्या वीरांच्या यानाभोवती फिरले आणि नाक मुरडलं. नाकाशी जागा उघडी दिसत होती. "भैया, कुछ लिख दो. नाम-वाम. कुछ भी." यांनी मान हलवली. पितळेची पट्टी घेतली, एका कोपऱ्यात बसले, आणि छिन्नीनं जे काही कोरायचं ते कोरून यानाच्या नाकावर ठोकलं. तिवारीजी वाकले. डोकं इकडून तिकडून फिरवून पाहिलं आणि उडालेच. "ये कौन सी भाषा है? अरे वाह! ये तो दूसरे ग्रह की लिपि हो गई! इसको दुश्मन का जहाज़ बनाते हैं!"

हे काहीतरी बोलायला गेले. मग माझ्याकडे बघितलं, चांगलं खूप वेळ. मी डबा सोडत होते. पट्टीकडे मी ओझरतं पाहिलं होतं, मला ती नेहमीसारखी वेलबुट्टी वाटली होती. "काय हो?" मी विचारलं. ते खाकरले आणि जेवायला बसले.

त्या यानाला जाळायचं होतं. शेपटाला, पोटाला फटाके बांधले. तिवारीजींनी काडी पेटवली तेवढ्यात शेडमध्ये एक आवाज घुमला, "थांबा!" मी इकडेतिकडे पाहिलं. हे! आमचे हे! सगळे बघायला लागल्यावर आवाज एकदम खाली आला. "ती पट्टी... काडून घेऊ का?" तिवारीजींनी प्रेमानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नहीं भैया. अभी तो पास से लिया है. वही जहाज़ लगना चाहिए ना?" हे बाजूला झाले. फटाके लागले, थर्माकोल वितळलं, बाजूबंदाच्या वेली काळ्या पडून गळाल्या. ते पुरतं जळायच्या आत हे बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले होते. मला वाटलं, इतक्या दिवसांची मेहनत गेली म्हणून वाईट वाटलं असेल.

सगळं आवरताना तिवारीजींच्या लक्षात आलं की शत्रू एकाच बाजूनं येतोय, आणि कप्तान तर म्हणतो चारी बाजूंनी. आता यान कुठून आणायचं? ते तर जळलं. पण ते डगमगले नाहीत. "फ़िल्म उलटी कर देंगे. जैसे आईने में दिखता है. दाएँ वाला बाएँ से आएगा. एक जहाज़ के दो!" हे तारा गुंडाळत होते, त्यांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं, आणि पुन्हा गुंडाळायला लागले.

काम संपलं. दिवाळी तोंडावर आली. मी माझ्या पिशवीत माझ्या माहेरच्या साड्या तेवढ्या भरल्या. सासूबाईंनी करंज्यांचा डबा बांधून दिला, "तुज्या आयेला दे," म्हणून. त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

ज्या रविवारी दादा न्यायला येणार, त्याच रविवारी सकाळी युद्ध टीव्हीवर लागणार होतं. आळीत टीव्ही एकच, तो शेवंतीबाईंकडे. सासूबाईंनी त्या घराची पायरी कित्येक वर्षांत चढली नव्हती. पण पोराचं विमान दिसायचं होतं. त्या नवं लुगडं नेसल्या, शेवग्याकडे एक रागीट नजर टाकली आणि चढल्या. शेवंतीबाईंनी "या" म्हटलं नाही, पण पाट सरकवला. सगळी आळी दाटीवाटीनं बसली. दादा थेट तिथेच आला, माझ्या शेजारी बसला. हे मागे दाराच्या चौकटीशी उभे.

युद्ध सुरू झालं. कप्तान दचकला. त्याच्या लुंगीचा कुणालाही पत्ता लागला नाही. माणसं उजवीकडे कोसळली, एक डावीकडे. माझे तारे लुकलुकले. ती मुलगी फुलीकडे बघून रडली आणि आमच्या आळीतल्या बायका पदर डोळ्यांना लावून तिच्याबरोबर रडल्या. उजवीकडून शत्रूचं यान आलं, त्याच्या नाकावर ती अगम्य लिपी. कप्तान ओरडला, चारी बाजूंनी! आणि डावीकडून दुसरं यान आलं. तेच, आरशातलं. ते मोठं होत होत अगदी पुढे आलं, पडदाभर नुसतं नाक, आणि त्या नाकावर स्वच्छ, सुलट, वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: शेवंती.

दादानं चटकन माझ्याकडे पाहिलं.

"माजं नाव!" शेवंतीबाई किंचाळल्या. "अगो बाय, माज्या टीवीवर माजं नाव!" तेवढ्यात धडाम! यान फुटलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. सासूबाई आधी रागानं लालबुंद झाल्या होत्या, की पोरानं या बाईचं नाव विमानाला दिलं. ते फुटलेलं बघून त्यांचा चेहरा उजळला. "दुश्मनाच्याच इमानावर टाकलंन ना? मंग बरा केला!" शेवंतीबाईंना त्याचं काहीही वाटलं नाही. नाव आलं, पुढचं कोण बघतो. त्यांनी आळीभर लाडू वाटले, पहिला सासूबाईंच्या हातावर ठेवला, आणि सासूबाईंनी तो खाल्ला. त्या दोघी देवाघरी जाईपर्यंत असंच समजत राहिल्या की ते नाव समोरच्या शेवंतीचं.

मी मागे वळून चौकटीकडे पाहिलं. ते पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते. मान वर नव्हती, पण कान असे तांबडे झाले होते की विचारू नका.

घरी आलो. दादा ओटीवर चहा घेत बसला, सासूबाई त्याला नुकतंच जिंकलेलं युद्ध ऐकवत होत्या. हे मागच्या पडवीत छिन्न्या पुसत होते. मी तिथे गेले. आता नाही विचारलं तर कधी विचारणार होते?

"ते नाव उलटं का कोरलंत?"

त्यांनी छिन्नी फडक्यात गुंडाळली, परत सोडली. "सवय हाय," म्हणाले. "हात उलटाच चालतो."

"बरं. आणि नाव माझं का? ते तर तुम्हीच तांदळात पुसलंत ना?"

त्यांनी छिन्नी खाली ठेवली. मी उभी. बाहेर ते आगाऊ ऊन रणरणत होतं. मी म्हटलं, झालं, आता खाकरतील. पण ते खाकरले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू, जणू शब्द कुणीतरी हिसकावून घेईल अशा भीतीनं म्हणाले,

"मनात तेच म्हनतो. पयल्यापासनं. तीबी सवयच हाय."

मी ओटीवर आले. दादा पिशवी उचलून उभाच होता. माझा चेहरा बघून त्यानं विचारलं, "निघायचं ना? की गाडीची वेळ विचारून येऊ?"

"विचारून ये," मी म्हटलं. "जायची विचार, आणि भाऊबीज झाली की परत यायची पण."